पासष्टच्या पुढचे चार अंश

सोमवार, २ तारीख

आज मला बढती मिळाली. दादाने ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "आजपासून तू ऊर्जाप्रमुख."

"पगार?"

"मान."

"म्हणजे नेहमीचंच."

हसला नाही. सख्खा भाऊ माझ्या विनोदाला हसला नाही म्हणजे प्रकरण गंभीर. आमचा सगळा घट्ट रस जी एकच मोठी कंपनी विकत घेते, तिथून फोन आला होता. एका पिंपामागे आम्ही किती वाफ खर्च करतो ते बघायला सोळा तारखेला त्यांची तपासनीस येणार आहे. आकडा बऱ्यापैकी खाली आलेला दिसला नाही, तर पुढच्या हंगामापासून ते आमच्याकडून नुसता ताजा रस टँकरने उचलणार आणि स्वतःच्या नव्या कारखान्यात आटवणार.

म्हणजे थोरली भंगारात.

थोरली हे आमचं रस आटवायचं यंत्र. अप्पांनी उमेदीत आणलेलं. चार उंच पोलादी खांब, चार बहिणी फोटोला उभ्या राहिल्यासारखे. पहिल्या खांबात बॉयलरची वाफ संत्र्याचा रस उकळते. त्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या खांबातला रस उकळते, तिथली तिसऱ्यातला. एकच वाफ चारदा राबवून घेते थोरली. कुठल्याही कंजूष बाईने येऊन तिच्या पाया पडावं. सगळ्यात शेवटी एक छोटी हंडी आहे, रस अगदी घट्ट करायला. ती धाकटी. तिला मात्र थेट बॉयलरची ताजी वाफ लागते, आणि एकदा वापरून ती फेकून देते. थोरलीने जपायचं आणि धाकटीने उडवायचं, हे घरोघरी असतं म्हणा.

थोरली गेली तर माझी प्रयोगशाळाही जाईल. नुसत्या ताज्या रसाला कसली तपासणी? वरच्या मजल्यावरची ही खोली, काचेची खिडकी, आतून लागणारी कडी. सासर सोडून एक ट्रंक घेऊन आले तेव्हा अप्पांनी काही विचारलं नव्हतं. या खोलीची किल्ली हातात ठेवली होती फक्त. ही डायरीसुद्धा मी इथेच लिहिते.

तेव्हा ऊर्जा वाचलीच पाहिजे.

बुधवार, ४ तारीख

पुस्तकात वाचलं की वाफेचे ट्रॅप, म्हणजे नळातलं पाणी जाऊ देणारे आणि वाफ अडवणारे गोळे, बिघडले तर त्यांतून वाफ गुपचूप पळते. ओळखायचं कसं? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चांगला ट्रॅप टक्‌ टक्‌ करतो, बिघडलेला फुसफुसतो.

सकाळभर मी नळांशी कानगोष्टी करत हिंडले. थोरली चालवणारा सावकाश (खरं नाव वेगळं, पण तो दर वाक्यात 'सावकाश' म्हणतो, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात) हातातलं फडकं विसरून बघत राहिला.

"काय म्हणतंय?" त्याने विचारलं.

"फुसफुसतंय."

"ते ट्रॅप नाही. अप्पा मागे उभे आहेत."

खरंच होते. हसू दाबत होते.

दोन ट्रॅप खरोखर बिघडलेले निघाले, ते बदलले. वाफेच्या मीटरचा काटा केसभर हलला. मला वाटलं होतं धाडकन पडेल.

दुपारी नेहमीचं काम. सावकाश खालून दोरीच्या टोपलीत नमुन्याची बाटली लावतो आणि ओरडतो, "प्रयोगशाळा!" मी बाटली वर ओढते, थेंब गार होऊ देते, ब्रिक्सच्या नळीत घालून उजेडाकडे बघते आणि खिडकीतून आकडा सांगते. ब्रिक्स म्हणजे रसात साखर किती, त्याचे अंश. दादाने सांगून ठेवलंय की कंपनीला सहासष्ट लागतात. सहासष्ट झाले की मी "झालं!" म्हणते आणि सावकाश धाकटीची वाफ बंद करतो.

मी नेहमी एक अंश कमी सांगते. ही लबाडी नाही, अनुभव आहे. पुरुषांना "झालं" म्हटलं की ते अर्धा तास आधीच हात धुवायला लागतात. नळीत सदुसष्ट दिसले की मी सहासष्ट म्हणते, मग निर्धास्त.

सावकाश आज गुणगुणत होता. काल जुनंच गाणं होतं, आज नवं. परवा काहीच नव्हतं, सर्दी होती बहुतेक.

शुक्रवार, ६ तारीख

उघडे नळ झाकायचे. नळ उघडा राहिला की उष्णता हवेत जाते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वेष्टण मागवलंय, यायला वेळ आहे. तोवर घरातल्या जुन्या रजया.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. "वन्सं, लग्नातल्या रजया गेल्या त्या गेल्याच. पण नवऱ्याची वर्षानुवर्षं चाललेली कुरकुर गुंडाळून ठेवता आली तर एक रजई मी आणखी देते."

नळ सुरेख दिसत होते. थंडी वाजून आजारी पडलेल्या अजगरासारखे. तासाभराने कापूस करपल्याचा वास सुटला. अप्पा धावत आले. त्यांना वासावरून कळलं. "ही माझी रजई आहे!" म्हणाले. आग लागली नव्हती, फक्त एक कोपरा भाजला होता. तो कोपरा त्यांच्या पायाकडचा होता म्हणून मी वाचले, डोक्याकडचा असता तर बोलणं बंद झालं असतं.

काटा: केसभर.

शनिवार, ७ तारीख

विजेची मोहीम. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की बंद. दादा न्हाणीघरात असताना बंद केला. रिकामं वाटलं.

मंगळवार, १० तारीख

हाती काहीच लागत नाही. सगळीकडे ऊन-ऊन नळ, सगळीकडे मी. रात्री स्वप्नात थोरली रडत होती आणि तिचे अश्रूही मी मोजत होते.

आज मात्र एक गोष्ट दिसली. रस साठ अंशांपर्यंत थोरली पळत जाते, पाचसहा पायऱ्या एका दमात चढल्यासारखी. पुढे धाकटीत तो रांगतो. शेवटच्या तीनचार अंशांना ताजी वाफ नुसती ओतत राहावी लागते. शिवाय इतका घट्ट झालेला रस नळ्यांना आतून चिकटतो, म्हणून दर पाळीला यंत्र थांबवून उकळत्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. थांबवा, गार करा, धुवा, परत तापवा. अर्धी वाफ आंघोळीतच जाते की काय!

सावकाशला विचारलं, "शेवटी इतका वेळ का लागतो?"

"म्हातारी दमते. सावकाश घ्यायचं."

"दमते ती की तुम्ही?"

"मी दमलो असतो तर गाणं म्हटलं असतं का?"

हे काही उत्तर नव्हे. मला वाटतं तो तिथे बसून डुलक्या काढतो आणि वाफ बंद करायला उशीर करतो. एकटा राहतो, घरी जायची घाई नाही, मग इथेच वेळ काढायचा. उद्यापासून लक्ष ठेवते. बराच वेळ खाली थांबावं लागेल.

वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "थांब की. पण केस नीट विंचरून जा."

का ते कळलं नाही. तिथे टोपी घालावीच लागते.

गुरुवार, १२ तारीख

सापडला! चोर सापडला!

झालं असं. सावकाशवर पाळत ठेवायला म्हणून मी आज पिंपं भरतात त्या खोलीतून चोरपावलांनी निघाले होते. तिथे पिंपं भरणारी मावशी (माझी सख्खी नव्हे, सगळ्या कारखान्याची) भरायच्या आधीच्या टाकीवर वाकलेली. हातात नळी. नळीतून टाकीत गरम पाणी.

"मावशी! हे काय?"

"पातळ करते."

"काय?"

"रस गं. डांबरासारखा येतो, पंपातून सरकत नाही. जरा पाणी दिलं की सुरसुर जातो. मग पुढे तापवून पिंपात."

"कधीपासून?"

"बाई, तुझ्या वेण्या होत्या तेव्हापासून."

"आणि हे पाणी कुठलं?"

तिने हनुवटीने भिंतीपलीकडच्या थोरलीकडे खूण केली. "तिचंच की. रसातून निघतं ते. चांगलं गरम असतं, वाया कशाला घालवायचं?"

मी पिंपावर बसले. म्हणजे चार खांब, एक धाकटी, एक बॉयलर, एवढी सगळी वाफ लावून आम्ही रसातलं पाणी पुढच्या दाराने काढतो, आणि मावशी तेच पाणी मागच्या दाराने परत घरात घेते. तेही काटकसर म्हणून!

पाणी घालायच्या आधीचा रस मोजला. एकोणसत्तर! मी दुपारी "सहासष्ट, झालं" म्हटलं होतं. तरातरा सावकाशकडे गेले.

"मी झालं म्हटल्यावर तुम्ही काय करता?"

"बंद करतो."

"लगेच?"

त्याने फडक्याची घडी घातली. मग उलगडली. "एक फेरा अप्पांच्या नावाने."

"म्हणजे?"

"अप्पांनीच सांगितलं होतं, प्रयोगशाळेने झालं म्हटलं की रस आणखी एक फेरा फिरव. गिऱ्हाइकाला झुकतं माप द्यावं. ते आता येत नाहीत रोज, पण त्यांचा फेरा चुकवायचा कसा?"

"आणि मावशी पाणी घालते ते?"

"ते आजच कळतंय." त्याचा चेहरा खरोखर पडला. "इतकी वर्षं मी सावकाश सावकाश काढलेलं पाणी?"

मला वाईट वाटलं, पण चोर तो चोर. एक फेरा म्हणजे दोन अंश. त्या दोन अंशांसाठी वाफ, आंघोळी, सगळं. सुटला गुंता.

फक्त एक जमत नाही. सहासष्ट अधिक दोन म्हणजे अडुसष्ट. एकोणसत्तर कुठून आले? एक अंश उरतो. नळीत काही बिघाड असणार. उद्या काच पुसून बघते.

शुक्रवार, १३ तारीख

काच पुसली. स्वच्छ होती. नळीत शुद्ध पाणी घातलं, शून्य दाखवलं. साखरेचं पाणी मोजून केलं, तेही बरोबर. नळी निर्दोष.

आंघोळीला बसले असताना डोक्यावर तांब्या पालथा केला आणि तसाच धरून राहिले.

माझाच अंश.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दहाबारा दिवस मी नळांना कान लावत फिरले, अप्पांची रजई जाळली, सावकाशला चोर म्हटलं, आणि रोज दुपारी खिडकीतून स्वतःच्या तोंडाने एक अंश वाफ उधळत होते. वर त्याला अनुभव म्हणत होते.

जेवताना सांगून टाकलं. दादा, वहिनी, अप्पा, सगळे होते. सांगितल्यावर मला वाटलं दादा ओरडेल. तो खाली मान घालून बोटाने ताटलीवर रेघा ओढत होता.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुमचे कान लाल होतात."

"कंपनीला," दादा ताटलीला म्हणाला, "खरं तर पासष्टच लागतात."

"मग सहासष्ट?"

"मीच सांगितलं. हिचा भरवसा काय? मन कुठे असतं हिचं!"

"माझा?" मी म्हटलं. "मी आणखी एक वाढवत होते! तुमचा कुणाचा भरवसा नाही म्हणून!"

अप्पा हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. "एक हा, एक ही, दोन माझे," त्यांनी बोटांवर मोजलं, "चार अंश! आणि मला वाटत होतं झुकतं माप मी एकटाच देतो."

"म्हणजे तुम्ही सगळे मिळून पाणी उडवता," वहिनी म्हणाली, "मावशी ते परत घालते, आणि मला रोज ऐकवता की गॅस बारीक कर!"

दादाने उठून गॅस बारीक केला. तो आधीच बंद होता.

ठरलं. सोमवारी तपासनीसबाई येतील तेव्हा कुणी काही वाढवायचं नाही. पासष्ट म्हणजे पासष्ट. सावकाशला दादा सांगणार. शपथा झाल्या. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली, म्हणजे मोडली तर मी मरणार.

रविवार, १५ तारीख

उद्या.

बागेतून फळ आलं नाही म्हणून काल-आज यंत्र बंद, रंगीत तालीम झालीच नाही. त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला, आणि तोच वाईट.

समजा दादाने सवयीने सहासष्ट सांगितले. समजा सावकाशला अप्पांचा फेरा सोडवला नाही. श्रद्धा आहे त्याची, ती एका दिवसात सुटते का? मग आकडा खाली येणार नाही आणि थोरली जाईल. मी मात्र शपथ पाळून शहाण्यासारखी वर बसलेली असेन.

म्हणून मी ठरवलंय की उद्या एक अंश जास्त सांगायचा. चौसष्ट दिसले की पासष्ट म्हणायचं. त्यांनी वाढवलं तरी बेरीज बरोबर येईल. हे वाढवणं नाही, हे तर कमी करणं आहे. शपथेत कमी करण्याबद्दल काही नव्हतं. फक्त उद्यापुरतं. एका अंशाने काय होतंय?

सोमवार, १६ तारीख

हसावं की रडावं. आधी रडून घेतलं आहे, आता लिहिते.

तपासनीसबाई सकाळीच आल्या. माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या, खिशात स्वतःची ब्रिक्सची नळी. चहा घेतला, मीटर बघितला, एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. सावकाशने बाटली लावली. मी खिडकीतून "त्रेसष्ट!" म्हटलं. "झालं" म्हणायच्या आधीच वाफ बंद झाली; मला वाटलं, उरलेले अंश आतल्या उष्णतेवरच चढवणार असेल. पहिलं पिंप भरलं, मीटर वाचला. आकडा इतका खाली, इतका खाली की दादाने माझा हात दाबला. असा तो मी दहावी पास झाले तेव्हा दाबला होता.

मग तपासनीसबाईंनी पिंपातला थेंब स्वतःच्या नळीत घातला. बघितलं. नळी पुसली. परत बघितलं.

"साठ," त्या म्हणाल्या. "हा घट्ट रस आहे की सरबत?"

मग एकेक बाहेर आलं. दादाने सकाळी सावकाशच्या कानात सांगितलं होतं, "हिने पासष्ट म्हटलं की समज सहासष्ट झाले. खोड जायची नाही तिची. जरा आधीच तोड." मी एक जास्त सांगितला होता. सावकाशला वाटलं, आपल्या फेऱ्यामुळे एवढी वर्षं नासाडी झाली, त्याची भरपाई म्हणून त्यानेही आणखी थोडं आधी बंद केलं. अप्पांनी काही केलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा असा होता की केलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि मावशी?" मी विचारलं.

"मी काय? मी रोजच्यासारखं पाणी घातलं. आज रस आधीच पातळ कसा म्हटलं!"

मावशीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. चौघांनी शपथा घेतल्या, पण जिच्या हातात नळी होती तिला बोलवायचं राहिलं.

तपासनीसबाईंनी वही मिटली. "हा आकडा मी धरू शकत नाही. बुधवारपर्यंत मी इथे आहे. एकदा परत बघेन. तोवर तुमच्यात खरं कोण बोलतं ते ठरवा."

रस परत धाकटीत चढवला. म्हणजे आणखी वाफ.

मंगळवार, १७ तारीख

भांडण.

"तू जास्त सांगशील हे मला माहीत होतं," दादा.

"मला कमी समजशील हे मला माहीत होतं," मी.

"माहीत होतं तर सांगायचं!"

"तुला माहीत होतं तर विचारायचं!"

सावकाश मधे म्हणाला, "सावकाश," आणि दोघांनी मिळून त्याला झापलं. निदान त्यात तरी एकमत झालं.

दुपारी प्रयोगशाळेत कडी लावून बसले. खालून थोरलीचा आवाज येत नव्हता, बंद होती. इतकी शांतता की मला माझेच विचार ऐकू आले, आणि ते काही बरे नव्हते.

आम्ही चोर नाही. कुणालाही स्वतःसाठी काही नको होतं. दादाला कंपनीपुढे मान खाली घालायची नव्हती, मला दादापुढे, सावकाशला अप्पांपुढे. प्रत्येकाने पुढच्याच्या चुकीची सोय स्वतःकडे करून ठेवली. काळजीच ती. पण काळजीला एवढी वाफ लागते हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

आणि मग दिसलं की खरा घोटाळा कुठल्याही अंशात नाही, या खिडकीत आहे. आकडा मी एकटी बघते आणि ओरडून सांगते. खालच्यांनी तो ऐकून घ्यायचा. नळीत काय दिसलं ते आजवर दुसऱ्या कुणी बघितलेलंच नाही. मी कधी बघू दिलं नाही. कडी लावून बसले. ती कडी मला फार प्रिय आहे. ज्या घरातून आले तिथे एकाही दाराला माझ्या बाजूने कडी नव्हती.

उठून कडी काढली. मग खिडकीतून हाक मारली, "सावकाश! जरा वर या. टेबल उचलायचंय."

"कुठे ठेवायचं?"

"खाली. धाकटीच्या शेजारी."

तो जिन्यातच थांबला. "तिथे गरम होतं फार."

"माहीत आहे."

"आवाज असतो."

"तुमच्या गाण्याचा. तोही माहीत आहे."

टेबल नेताना जिन्याच्या वळणावर अडकलं. तो खाली, मी वर. बराच वेळ ना मागे जाईना ना पुढे. वहिनी खालून गेली, तिने आमच्याकडे बघितलं, आणि जाऊन कंगवा घेऊन आली. ही बाई कधीकधी फारच विचित्र वागते.

मावशीला स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? आधी विचारलं असतंत तर."

बुधवार, १८ तारीख

टेबल धाकटीच्या शेजारी. तपासनीसबाई कोपऱ्यात. दादा, अप्पा, सावकाश, मावशी नळी न घेता हाताची घडी घालून. वहिनीही आली, "तमाशा फुकट असला की मी येते" म्हणत.

ठरलं असं की थेंब सगळ्यांसमोर घालायचा आणि मी सगळ्यांसमोर वाचायचं.

रस चढत गेला. बासष्ट. त्रेसष्ट. मी वाचते, मग दादाला बघायला देते, तो मान हलवतो. चौसष्ट. आता थोडंच. धाकटीची झडप सावकाशच्या हातात. पुढचा थेंब घातला, नळी डोळ्याला लावली, आणि समोर नुसतं धुकं.

चष्मा! धाकटीच्या वाफाऱ्याने दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. काढला तर त्याशिवाय मला नळीतला आकडा दिसत नाही. पदराने पुसला, परत धुकं. आणि रस तर थांबत नाही, धाकटी खदखदतेय, प्रत्येक क्षणाला तो आणखी घट्ट होतोय. दादाचा चष्मा ऑफिसात, म्हणजे मघापासून तो नुसतीच मान हलवत होता. तपासनीसबाई मदत करणार नाहीत, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

मी नळी सावकाशच्या हातात दिली. "बघा. उजळ आणि काळा भाग जिथे मिळतात, त्या रेघेवरचा आकडा."

एवढी वर्षं यंत्र चालवतो माणूस, आणि नळीतून त्याने आज पहिल्यांदा बघितलं. एका हाताने झडप धरून, दुसऱ्याने नळी, एक डोळा मिटून. किती वेळ बघत होता! मला वाटलं आता म्हणेल 'सावकाश', आणि मी त्याला तिथेच संपवेन.

"पासष्ट," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे. तपासनीसबाईसुद्धा. आतून सगळ्या सवयी एकदम ओरडल्या. नवखा आहे, रेघ तिरकी बघितली असेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून कमीच सांगत असेल, किंवा अप्पा समोर आहेत म्हणून जास्त. अर्धा क्षण थांबू या, एवढासा. चष्मा पुसून होईल तोवर. चुकला असेल तर थोरली जाईल. वर मी कडी सोडलेली.

"पासष्ट तर पासष्ट," मी म्हटलं. "बंद करा."

त्याने झडप फिरवली. अप्पांच्या ओठांवर एक फेरा आला होता. तो त्यांनी गिळला, मी बघितलं.

पिंप भरलं. मावशी पंपाकडे साशंक बघत होती. रस सुरसुर गेला. तपासनीसबाईंनी त्यांच्या नळीत थेंब घातला.

"पासष्ट," त्या म्हणाल्या. मग मीटर वाचला. आकडा सोमवारइतका खाली नव्हता, पण पुरेसा होता. संध्याकाळपर्यंत धाकटीला धुवायचीही वेळ आली नाही, म्हणून तो आणखी उतरला. निघताना त्या दादाला म्हणाल्या, "मी लिहून देते. इथेच आटवत राहा." आणि मला म्हणाल्या, "चष्म्याचं काहीतरी करा."

थोरली राहिली. दादाने माझा हात दाबला नाही. बाजूला येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "सहासष्ट म्हणालो ते चुकलं." मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही, परत म्हण." तो निघून गेला.

शुक्रवार, २० तारीख

वरची खोली आता मोकळी. दादा तिथे वेष्टणाचे गठ्ठे ठेवणार म्हणतो. म्हटलं ठेव. डायरी धाकटीच्या शेजारी बसून लिहितेय, कडी नाही, त्यामुळे कोणी आलं की पान झाकावं लागतं.

आता मी आणि सावकाश आळीपाळीने वाचतो. ज्याचा दिवस त्याचा आकडा, दुसऱ्याने परत बघायचं नाही, असा नियम मीच केला. आज त्याचा दिवस. नळी पुसली, बघितलं, म्हणाला, "पासष्ट. झालं." झडप बंद केली आणि चहा आणायला गेला. नळी टेबलावर, थेंब आतच.

मी बघितलं नाही.

म्हणजे तो दाराबाहेर जाईपर्यंत बघितलं नाही. मग घाईघाईने नळी उचलून डोळ्याला लावली, चष्मा वर सारून, परत खाली ओढून, कसंबसं. पासष्टच होते. नळी होती तशी ठेवून मी हिशेबाकडे तोंड करून बसले.

तो दोन कप घेऊन आला. एक माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"किती होते?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? आज तुमचा दिवस."

"मग डोळ्याभोवती रसाचं कडं कसलं?"

हात लावला. चिकट. पूर्ण गोल.

त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. स्वच्छ होता, इस्त्रीचा. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाकडे इस्त्रीचा रुमाल कशाला लागतो कोण जाणे.

"एक अंश जास्त होता," मी डोळा पुसत म्हटलं.

"खोटं."

"हो," मी म्हटलं.